मातेच्या नावाचे बंदर

अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या सेनापतींनी आपापसांत वाटून घेतलेल्या मुलखात जी नवी नगरे वसली अथवा ज्या जुन्या वस्त्यांना नवी नावे मिळाली, त्यांची यादी वाचू लागले की एखाद्या राजघराण्याच्या अंतःपुराची हजेरी वाचीत असल्याचा भास होतो. कॅसँडरने मॅसिडोनियाच्या किनाऱ्यावर आपल्या पत्नीच्या, म्हणजे अलेक्झांडरच्या सावत्र बहिणीच्या नावाने थेस्सलोनिके वसविले. लायसिमॅकसने आशिया मायनरमधील एका नगरास आपल्या पत्नीचे निकाया हे नाव दिले. सेल्यूकसने सिरियात आईच्या स्मरणार्थ लाओडिकिया आणि मध्य आशियातील सरदारकन्या असलेल्या पत्नीच्या सन्मानार्थ अपामिया अशी नगरे स्थापिली. तलवारीच्या बळावर मिळविलेल्या राज्यांना वंशपरंपरेचा आधार नव्हता. तो निर्माण करावयाचा तर माता, पत्नी आणि भगिनी यांची नावे भूमीवर कोरून आपले घराणे हेच या भूमीचे स्वाभाविक स्वामी आहे असे प्रजेच्या मनावर बिंबविणे हा एक सोपा आणि अल्पखर्चाचा उपाय होता. या नामावळीतील बेरेनिके हे नाव एकाहून अधिक नगरांना मिळाले. परंतु त्यांपैकी जे नगर तांबड्या समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर, कर्कवृत्ताच्या किंचित उत्तरेस, वाळू आणि पोवळ्यांचे खडक यांच्यावाचून ज्याच्या आसपास काही नाही अशा ठिकाणी उभे राहिले, त्याचा इतिहास महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाशी अनेक धाग्यांनी जोडलेला आहे.

ज्या स्त्रीचे नाव या बंदरास मिळाले ती जन्माने राजकन्या नव्हती. मॅसिडोनियातील एका कुलीन घराण्यातील ही बेरेनिके प्रथम फिलिप नावाच्या एका गृहस्थास दिलेली होती. वैधव्य आल्यावर ती आपल्या मुलांसह इजिप्तमध्ये आली, ती टॉलेमी पहिला याची राणी युरिडिके हिच्या परिवारातील एक स्त्री म्हणून. पुढे टॉलेमीने तिच्याशी विवाह केला आणि हळूहळू तिचे वजन इतके वाढले की युरिडिकेच्या वडील मुलाला डावलून बेरेनिकेच्या पोटी कॉस बेटावर इ. स. पू. ३०८ च्या सुमारास जन्मलेल्या मुलाला वृद्ध राजाने सहराजा केले. हाच टॉलेमी दुसरा, ज्याला पुढे फिलाडेल्फस म्हणून ओळखू लागले. त्याच्या गादीवरील हक्काचा उगम पित्याच्या रक्तात जितका होता तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, मातेच्या राजप्रासादातील स्थानात होता. म्हणून इ. स. पू. २७५ च्या सुमारास त्याने नव्या बंदरास मातेचे नाव दिले तेव्हा त्यात पुत्रधर्म होताच, पण आपल्या वारशाचे एक निःशब्द समर्थनही होते. त्याने आईवडिलांना देवत्व देऊन त्यांचे पूजास्थान निर्माण केले, तोही याच धोरणाचा भाग होय.

या बाईच्या दोन पुत्रांची नावे भारतातील शिळांवर कोरलेली आहेत, ही गोष्ट आपल्याकडे फारशी लक्षात घेतली जात नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात धर्मविजय जेथवर पोचला असे सांगितले आहे त्या पश्चिमेकडील पाच यवन राजांत ‘तुरमाय’ आणि ‘मक’ असे दोघे आहेत. तुरमाय म्हणजे हाच टॉलेमी दुसरा. आणि मक म्हणजे सायरेनीचा अधिपती मॅगस, जो बेरेनिकेला पहिल्या पतीपासून झालेला मुलगा. एकाच मातेचे हे दोन सावत्र भाऊ परस्परांशी युद्धास उभे राहिले होते. अशोकाच्या लेखात मात्र ते शांतपणे एका ओळीत बसले आहेत. अशोकाच्या याच लेखमालेतील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपारा येथे मिळाला आणि नवव्याचा तुकडा १९५६ साली तेथून जवळच सापडला. कोकणच्या किनाऱ्यावर असे लेख कोरले जात असताना तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके हे एक नवे, जेमतेम एका पिढीचे ठाणे होते. या दोन किनाऱ्यांची गाठ पुढे पडावयाची होती.

ठाणे वसविण्याचे कारण व्यापार हे नव्हते. कारण होते हत्ती. सेल्यूकसने चंद्रगुप्त मौर्याशी तह करून सिंधूकडील मुलूख सोडून दिला आणि त्याच्या मोबदल्यात ५०० हत्ती घेतले. हे भारतीय हत्ती इ. स. पू. ३०१ च्या इप्ससच्या लढाईत निर्णायक ठरले, आणि तेव्हापासून पश्चिम आशियातील कोणत्याही राजाला गजदळावाचून आपली फौज अपुरी वाटू लागली. भारताकडे जाणारा खुष्कीचा मार्ग सेल्यूकसच्या वंशजांच्या ताब्यात असल्यामुळे इजिप्तच्या राजांना भारतीय हत्ती मिळणे दुरापास्त होते. तेव्हा फिलाडेल्फसने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे, आजच्या सुदान-इरिट्रियाच्या बाजूस, शिकारी तुकड्या धाडून हत्ती जिवंत पकडण्याचा आणि खास बांधलेल्या गलबतांतून ते उत्तरेस आणण्याचा उद्योग आरंभिला. ही गजवाहू गलबते वजनाने जड आणि तळाने खोल असल्यामुळे उथळ पाण्यात व पोवळ्यांच्या खडकांवर वारंवार रुतत, आणि मग निर्मनुष्य किनाऱ्यावर खलाशांवर उपासमारीचा प्रसंग येई, असे वर्णन डायोडोरसने केले आहे.

बंदर इतक्या दक्षिणेस का, याचेही उत्तर या गलबतांत आणि वाऱ्यात आहे. तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षाचा बहुतेक काळ उत्तरेचा वारा वाहतो. दक्षिणेकडून भरलेले गलबत त्या वाऱ्याच्या तोंडावर सुएझपर्यंत नेणे म्हणजे आठवडेच्या आठवडे शिडाशी झुंजणे. त्यापेक्षा सुएझच्या दक्षिणेस ८०० किलोमीटरांहून अधिक अंतरावर, एका लांब भूशिराच्या आडोशास, माल आणि जनावरे उतरवून पुढचा मार्ग वाळवंटातून पायी काढणे परवडत असे. उत्खननात हत्तीची दाढ आणि कवटीचा तुकडा मिळाला आहे. म्हणजे ही प्राचीन हकीकत केवळ ग्रंथांतरी राहिलेली नाही. तथापि या सर्व खटाटोपाचे फळ काय मिळाले, हे इ. स. पू. २१७ मध्ये राफिया येथे दिसले. इजिप्तच्या बाजूस ७३ आफ्रिकी हत्ती, सिरियाच्या बाजूस १०२ भारतीय हत्ती. आणि पॉलिबियस सांगतो की भारतीय हत्तींचा वास व चीत्कार सहन न होऊन आफ्रिकी हत्तींपैकी बहुतेकांनी पाठ फिरविली. लढाई इजिप्तने जिंकली, पण ती पायदळाच्या जोरावर. मातेच्या नावाचे बंदर ज्या कामासाठी वसविले होते त्या कामाची उपयुक्तता अशी दोन पिढ्यांतच संशयास्पद झाली.

एखाद्या ठाण्याचे मूळ प्रयोजन संपले की ते ठाणे सहसा ओसाड पडते. बेरेनिकेचे तसे झाले नाही, कारण दरम्यान भारताकडे थेट जाण्याची वाट ग्रीक नाविकांना गवसली होती. नैर्ऋत्येचा मोसमी वारा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील तांडेलांना आणि अरबस्तानच्या नाखवांना पूर्वापार ठाऊक होता. ग्रीकांनी मात्र त्याच्या शोधाचे श्रेय हिप्पॅलस नावाच्या आपल्या एका सुकाणूधराला दिले. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस सिझिकसचा युडोक्सस भारतात जाऊन सुगंधी द्रव्ये व रत्ने घेऊन आला, आणि राजाच्या अंमलदारांनी ती सर्व सरकारजमा केली, अशी त्याची तक्रार स्ट्रॅबोने नोंदविली आहे. पुढे इ. स. पू. ३० मध्ये इजिप्त रोमच्या अंमलाखाली गेले, भूमध्य समुद्राच्या सर्व काठांवर एकच सत्ता आली, आणि रोमच्या धनिकांची मिरी, मलमल व मोती यांची भूक भागविण्यासाठी जहाजांचे तांडेच्या तांडे निघू लागले. एकट्या मायॉस हॉर्मॉस या शेजारच्या बंदरातून वर्षाला १२० जहाजे भारताकडे जातात असे स्ट्रॅबो म्हणतो. कालांतराने बेरेनिकेचे महत्त्व त्याहूनही वाढले.

या प्रवासाचे वेळापत्रक प्लिनीने दिले आहे, आणि ते वाचताना त्या काळच्या व्यापाऱ्याच्या धैर्याची कल्पना येते. अलेक्झांड्रियाहून नाईल नदीने वरच्या बाजूस कॉप्टॉसपर्यंत १२ दिवस. कॉप्टॉसहून उंटांच्या काफिल्याने वाळवंट ओलांडून बेरेनिकेपर्यंत आणखी १२ दिवस, तेही उन्हाच्या भीतीने बहुधा रात्री चालून आणि दिवस पाणवठ्यांच्या चौक्यांवर काढून. मग उन्हाळ्याच्या मध्यास, व्याधाच्या उदयाच्या सुमारास शीड उभारून अरबस्तानच्या टोकाजवळील ऑकेलिसपर्यंत सुमारे ३० दिवस. आणि तेथून खुल्या समुद्रातून ४० दिवसांत मलबारचे मुझिरिस. परतीची रवानगी डिसेंबरच्या सुमारास, वारा उलटल्यावर. एक फेरी म्हणजे जवळजवळ एक वर्ष, आणि तेवढा काळ भांडवल समुद्रावर. भारत दरवर्षी साम्राज्यातून किमान पाच कोटी सेस्टर्स ओढून घेतो आणि त्याचा माल येथे मूळ किमतीच्या शंभरपटीने विकला जातो, ही प्लिनीची कुरकुर प्रसिद्धच आहे. शंभरपट हा आकडा संतापाचा असेल. परंतु व्हिएन्ना येथे जतन केलेल्या दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर हर्मापोलॉन नावाच्या एकाच जहाजातून मुझिरिसहून आलेल्या मालाचे मूल्यांकन जकात वजा जाता सुमारे ७० लाख सेस्टर्स केलेले आहे, त्यावरून संतापालाही आधार होता असे म्हणावे लागते.

जकातीचा दर होता मालाच्या मूल्याचा चौथा हिस्सा. ज्या राज्यास असा महसूल घरबसल्या मिळतो ते राज्य आपल्या नाक्यांवरचे दफ्तर चोख ठेवते, यात नवल नाही. बेरेनिकेच्या उकिरड्यात पहिल्या शतकातील शेकडो लेखी खापरे मिळाली आहेत. त्यांतील पुष्कळशी म्हणजे अमक्याच्या नावचे इतके मद्य नाक्यातून जाऊ द्यावे अशी जकातदारांस उद्देशून लिहिलेली दस्तके होत. पपायरस महाग, खापर फुकट. तेव्हा मडकी फोडून त्यांच्या तुकड्यांवर शाईने दस्तक लिहावे, माल नाक्यापार झाला की ते उकिरड्यावर फेकावे, असा हा व्यवहार होता, आणि कारकुनांच्या या निष्काळजीपणामुळेच दोन हजार वर्षांनंतर त्यांची चोख व्यवस्था आपल्याला कळली. पाण्याचाही असाच हिशेब आहे. बंदराच्या जागी गोडे पाणी नव्हते; सात ते नऊ किलोमीटरांवरील कोरड्या ओढ्यांत विहिरी खणून, त्यांभोवती गढ्या बांधून, शिबंदीच्या पहाऱ्यात तेथून पाणी आणावे लागे. घरांसाठी दगडही धड नव्हता. म्हणून समुद्रातील मृत पोवळ्यांचे गोळे काढून त्यांच्या भिंती रचल्या गेल्या.

स्त्रीच्या नावाच्या या बंदराकडे जाणाऱ्या स्त्रियांना सरकारी दरपत्रकात जे स्थान होते ते येथे सांगणे प्राप्त आहे. कॉप्टॉस येथे सापडलेल्या इ. स. ९० च्या शिलालेखात वाळवंटातील मार्गावर घ्यावयाच्या पट्टीचे दर कोरलेले आहेत. त्यात शिपायाच्या बायकोस २० द्राख्मे आणि वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या स्त्रीस १०८ द्राख्मे असा आकार लिहिला आहे. राजमातेचे नाव ज्याच्या कपाळी, त्या गावात सामान्य स्त्रीची नोंद बहुधा अशा आकारातच व्हावयाची. परंतु उकिरड्याने येथेही इतिहासावर एक उपकार केला आहे. दस्तकांच्या ढिगात हिकाने नावाच्या एका आईने इसिडोरॉस या आपल्या मुलाला लिहिलेले पत्र सापडले. मी तुला दहा महिने पोटात वागविले आणि तीन वर्षे अंगावर पाजले ते तू मला चार ओळी लिहिण्याचेही विसरावेस म्हणून काय, असा तिचा सवाल आहे. फिलाडेल्फसने आपल्या आईला एक नगर दिले. इसिडोरॉसने आपल्या आईला एक पत्रही दिले नाही. आणि काळाच्या न्यायालयात दोघींची साक्ष एकाच जागी नोंदविली गेली. त्यांपैकी बेरेनिके राणीचा स्वतःचा एक शब्दही आपल्यापर्यंत आलेला नाही, हिकानेचा राग मात्र शाईसकट शाबूत आहे.

आता समुद्राच्या दुसऱ्या तीराकडे वळू. पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेचा आरंभ मायॉस हॉर्मॉस आणि बेरेनिके यांच्या उल्लेखाने होतो, आणि तिच्यात पुढे भडोच, सोपारा, कल्याण व चौल ही बंदरे क्रमाने येतात. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर म्हणजे आजच्या तेरहून जाडेभरडे कापड व तलम वस्त्रे बैलगाड्यांत घालून, बिकट वाटांनी भडोचपर्यंत उतरविली जातात, असे हा लेखक सांगतो. पैठण भडोचहून २० दिवसांच्या वाटेवर आणि तगर तेथून पूर्वेस आणखी १० दिवसांवर, हा त्याचा हिशेब. मालाची स्वाभाविक वाट घाटांतून कल्याणला उतरण्याची. मग तो एवढा वळसा घालून भडोचला का जात होता? याचे उत्तरही त्याच ग्रंथात आहे. थोरल्या सातकर्णीच्या काळात कल्याण ही रीतसर पेठ होती. परंतु पुढे सत्ता बदलली, तेथील व्यापारास अडथळे घालण्यात आले, आणि चुकून तेथे लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. क्षहरात कुळातील शक राजा नहपान आणि सातवाहन यांच्यातील संघर्षाचे हे व्यापारी स्वरूप आहे. जकात ज्याच्या बंदरात पडेल त्याच्या पदरी सैन्य, हे सूत्र अलेक्झांड्रियात जितके खरे होते तितकेच अपरान्तातही होते.

हा संघर्ष गौतमीपुत्र सातकर्णीने निकालात काढला. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा जो निधी सापडला, त्यातील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. नाशिकच्या लेण्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात या राजाची जी प्रशस्ती आहे ती त्याच्या दरबारी कवीने त्याच्या हयातीत कोरविलेली नसून, त्याच्या पश्चात, आपल्या नातवाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याची माता गौतमी बलश्री हिने लेणे दान करताना कोरविलेली आहे. शक, यवन आणि पल्हव यांचा त्याने संहार केला असे ती म्हणते, आणि त्याच दमात तो मातेची अविरत शुश्रूषा करणारा होता असेही सांगते. यवनांचा संहार हा राजकीय शब्दप्रयोग समजावा. कारण कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर आणि जुन्नरच्या लेण्यांत स्वतःला यवन म्हणवून घेणाऱ्या दात्यांची नावे शांतपणे नांदत आहेत, आणि त्यांनी स्तंभ, पाण्याची टाकी व भोजनमंडप बौद्ध संघाला दिल्याची नोंद तेथे आहे.

दोन्ही तीरांचा संबंध असा ग्रंथांतून व लेण्यांतून तर्काने बांधला जात होता. त्याला वस्तूंचा पुरावा बेरेनिकेच्या वाळूने दिला. १८१८ साली जोव्हानी बेल्झोनी या इटालियन संशोधकाने हे स्थळ ओळखले, परंतु पद्धतशीर उत्खनन १९९४ पासून स्टीव्हन साइडबोथॅम आणि विलेके वेंड्रिख यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले व पुढे पोलिश संशोधकांच्या सहकार्याने चालू राहिले. सेरापिसच्या देवळाच्या आवारात भारतीय घडणीच्या एका मोठ्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. वाळवंटात उगवणे अशक्य अशा सागवानाच्या तुळया घरांच्या भिंतींत बसविलेल्या आढळल्या. जुनी जहाजे मोडून त्यांचे लाकूड वापरलेले होते. नारळाच्या करवंट्या, तांदूळ, मूग, भारतीय सुताच्या शिडांचे व रंगीत कापडाचे तुकडे, तमिळ-ब्राह्मीत नाव कोरलेले खापर, आणि पाळीव प्राण्यांच्या दफनभूमीत मांजरे व कुत्री यांच्या शेजारी सन्मानाने पुरलेली भारतीय माकडे, असा हा सारा ऐवज आहे. मिरीच्या रांजणाने व्यापार सिद्ध होतो. परंतु माकड पाळणारा कोणीतरी तेथे घर करून राहत होता, भारतातून आणलेल्या या मुक्या जीवावर त्याची माया होती, हे त्या छोट्या थडग्यांवाचून कोणत्याही दफ्तराने आपल्याला सांगितले नसते.

याहून आश्चर्यकारक गोष्टी अलीकडे उजेडात आल्या. जानेवारी २०२२ मध्ये इसिसच्या देवळात संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. तिची उंची ७१ सेंटिमीटर, मस्तकामागे सूर्यकिरणांचे प्रभामंडल आणि बाजूला कमळ. दगड भूमध्यसागरी प्रदेशातला, म्हणजे मूर्ती भारतातून नेलेली नसून तिकडेच घडविलेली आहे. त्याच देवळात फिलिप या रोमन सम्राटाच्या कारकिर्दीतील, इ. स. २४४ ते २४९ या दरम्यानचा, संस्कृत लेख सापडला. एका क्षत्रियाने सर्व जीवांच्या हितसुखासाठी मूर्ती अर्पण केल्याचे त्यात म्हटले आहे. आणि याच उत्खननात दुसऱ्या शतकातील सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. पूर्वी आपण अशी समजूत करून घेतली होती की यवन येत होते, आपण माल देत होतो, आणि समुद्र ओलांडण्याचे काम त्यांचे होते. इसिसच्या देवळात संस्कृत लेख कोरविणाऱ्या गृहस्थाने ही समजूत खोटी ठरविली आहे. कार्ल्याचा यवन दाता आणि बेरेनिकेचा भारतीय दाता हे एकाच रीतीचे लोक होते. परक्या बंदरात पैसा मिळवावा आणि त्यातला काही भाग तेथील देवस्थानी आपल्या श्रद्धेनुसार खर्च करावा, ही व्यापाऱ्याची सनातन रीत आहे.

ती दोन नाणी मोलाने क्षुद्र आहेत. सोने आणि चांदी पूर्वेकडे वाहत असताना दख्खनचे नाणे पश्चिमेकडे व्यापारासाठी जाण्याचे कारण नव्हते. ते कुणाच्या कनवटीला राहून गेले असावे. परंतु ज्या घराण्याची ती आहेत त्या घराण्याच्या राजांनी, गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र अशी बिरुदे धारण करून, आपल्या मातांची कुलनामे स्वतःच्या नावाआधी चालविली होती. फिलाडेल्फसने मातेचे नाव भूमीला दिले. सातवाहनांनी ते स्वतः वागविले. दोघांचाही हेतू राज्यकर्त्याचा होता, कारण अनेक राण्यांच्या पुत्रांत आपण कोणत्या राणीचे पुत्र हे जगजाहीर करणे दोन्ही दरबारांत आवश्यक होते. हेतू सारखाच असूनही परिणाम मात्र भिन्न झाला: भूमीला दिलेले नाव त्या भूमीच्या दैवाशी बांधले गेले.

आणि त्या भूमीचे दैव फार काळ टिकणारे नव्हते. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस रोमन साम्राज्याची घडी विसकटली तशी बंदराला उतरती कळा लागली. चौथ्या-पाचव्या शतकांत ब्लेमीज या वाळवंटी जमातीच्या वर्चस्वाखाली ते पुन्हा काहीसे सावरले. परंतु ओढ्यांनी आणलेल्या गाळाने बंदराचे मुख भरत चालले होते, दक्षिणेकडील अक्सुमच्या राज्याने आणि अरबस्तानच्या बंदरांनी व्यापार आपल्याकडे ओढून घेतला होता, आणि सहाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच शेवटचे रहिवासी निघून गेले. लूट नाही, आग नाही, वेढा नाही. जकात थांबली आणि नगर संपले. ज्या ठिकाणी पाणीसुद्धा बाहेरून आणावे लागते त्या ठिकाणी राजाज्ञेने वसलेली वस्ती व्यापार संपल्यावर एक पिढीही तग धरीत नाही.

नाव मात्र दुसऱ्या वाटांनी चालत राहिले. फिलाडेल्फसच्या मुलाची राणी हीही बेरेनिकेच, आणि ती मॅगसची कन्या, म्हणजे आपल्या बेरेनिकेची नात. इ. स. पू. २४६ मध्ये पती सिरियाच्या मोहिमेवर गेला तेव्हा तो सुखरूप परतल्यास आपले केस अर्पण करीन असा नवस तिने केला. अर्पण केलेली बट देवळातून नाहीशी झाली, आणि ती आकाशात तारकारूपाने गेली असे कोनॉन या दरबारी ज्योतिर्विदाने सांगून प्रसंग सावरला. तो तारकासमूह आजच्या ८८ मान्य तारकासमूहांपैकी एक आहे आणि मराठीत त्याला अरुंधती केश म्हणतात. याच राणीचे नाव लिबियातील आजच्या बेनगाझीलाही एकेकाळी होते. पुढे ख्रिस्ती परंपरेत, येशूला वधस्तंभाकडे नेत असता ज्या स्त्रीने त्याचा चेहरा आपल्या वस्त्राने पुसला तिला ग्रीक कथांतून बेरेनिके हे नाव मिळाले, आणि लॅटिनमध्ये त्याचे व्हेरोनिका झाले. पोर्तुगीजांबरोबर ही व्हेरोनिका आपल्या किनाऱ्यावर उतरली. गोव्यात उपवासकाळातील पासोसच्या, म्हणजे येशूच्या यातनांचे स्मरण करणाऱ्या, मिरवणुकीत आजही एखादी मुलगी व्हेरोनिका होऊन वस्त्र उलगडते आणि गाते. १५३४ साली पोर्तुगीजांच्या हाती गेलेल्या वसई प्रांतात, म्हणजे पेरिप्लसमधील सोपाऱ्याच्याच परिसरात, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत हे नाव मुलींना ठेवले जाते.

म्हणजे ज्या सोपाऱ्याकडे बेरेनिकेहून जहाजे निघत, त्या सोपाऱ्यात बेरेनिके राणीचे नाव अखेर वस्तीला आले, पण ते राजाज्ञेने नव्हे आणि व्यापारानेही नव्हे, तर बाप्तिस्म्याच्या पाण्याने. राजांनी आपल्या स्त्रियांची नावे भूमीवर कोरली ती चिरंतन व्हावीत म्हणून. त्यांपैकी जी नगरे स्वतःच्या पाण्यावर व शेतीवर जगू शकली ती थेस्सलोनिकेप्रमाणे नाव सांभाळून राहिली, आणि जी केवळ नाक्यावर व जकातीवर जगली ती नावासकट वाळूखाली गेली. बेरेनिकेच्या बाबतीत फिलाडेल्फसची मातृभक्ती आठ शतके पुरली. त्यानंतरचा भार ज्यांनी उचलला त्या बहुतेक स्त्रियाच होत्या, आणि आपण कोणत्या मॅसिडोनियन राणीचे नाव चालवीत आहोत हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. नाव टिकविण्यासाठी ते माहीत असावे लागत नाही. प्रत्येक पिढीत एखाद्या आईला ते आपल्या मुलीसाठी आवडावे लागते, एवढेच पुरते.